रात्री पावणेदहाचं ऊन

स्पेनमधल्या सालामांकाला मास्टर्ससाठी जायचं ठरलं तेव्हा घरच्यांना काळजी होती ती खाण्याची आणि थंडीची. भाषेचं कुणी विचारलंच नाही, कारण पुण्यात स्पॅनिश शिकून पुढं शिकवूनही झालं होतं. खाण्याचं जमलं, थंडीसाठी जाड कोट घेतला. जमायला सगळ्यात वेळ लागला तो तिथल्या घड्याळाशी, आणि त्याबद्दल मला आधी कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात पोचले. दुपारी साडेबाराला पोटात कावळे ओरडायला लागले की मी एखाद्या बारमध्ये शिरायची. (तिथला बार म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. सकाळी कॉफी, दुपारी जेवण, रात्री वाइन, सगळं तिथंच. आजीबाईही तिथंच आणि तान्ही पोरंही तिथंच.) काउंटरवरचा माणूस हसून सांगायचा, स्वयंपाकघर दीडला उघडेल, पण गर्दी अडीचला होते, तेव्हाच ये. मग मी कॉफी आणि बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा खाऊन दिवस ढकलायची. संध्याकाळी साडेसातला परत भूक लागली तर तीच गत, रात्रीचं जेवण नऊच्या आत मागायचंच नाही. दोन ते पाच दुकानं बंद. रविवारी किराणा बंद. आणि सरकारी कामं मात्र दुपारी दोनच्या आत उरकलेली पाहिजेत. सुरुवातीला मला हा सगळा आळसाचा कारभार वाटायचा. 'सिएस्ता'बद्दल, म्हणजे तिथल्या दुपारच्या झोपेबद्दल, आपण जे ऐकून असतो त्याचा तो परिणाम. प्रत्यक्षात माझ्या ओळखीतलं दुपारी झोपणारं माणूस एकच होतं, आमची घरमालकीण, आणि ती सत्तरीच्या पुढची.

खरी गोष्ट मला वर्गातल्या एका प्राध्यापकांनी नकाशा काढून सांगितली. सालामांका हे लंडनच्याही पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तिथलं घड्याळ लंडनबरोबर, किंबहुना त्याच्याही थोडं मागं हवं. पण चालतं ते बर्लिनबरोबर. १६ मार्च १९४० च्या रात्री अकरा वाजता हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारनं देशभरची घड्याळं एकदम बारावर नेली. कारण दिलं ते युरोपातल्या इतर देशांशी वेळ जुळवण्याचं. महायुद्ध संपलं, फ्रँको गेला, लोकशाही आली, तो एक तास काही मागं गेला नाही. शेजारच्या पोर्तुगालनं मात्र लंडनचीच वेळ धरली आहे, त्यामुळं सालामांकाहून पश्चिमेला दोनेक तास बसनं गेलं की सीमेवर मोबाइलमधला एक तास गुपचूप मागं जातो.

याचा अर्थ असा की उन्हाळ्यात सालामांकात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोन वीस-पंचवीसला. मग अडीचचं जेवण उशिराचं कसं? ते तर भर माध्यान्हीचं जेवण. कोल्हापुरात सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावर येतो आणि माझे आजोबा बरोब्बर तेव्हाच पाटावर बसायचे. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा रात्रीच्या दहाच्या जेवणाबद्दल होता, तो जायला डिसेंबर उजाडला.

आधी कागदपत्रांचं सांगून टाकते, कारण येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून महिन्याभरात परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्याच्या आधी नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवायचा: पासपोर्ट, घरभाड्याचा करार आणि भेटीची ऑनलाइन घेतलेली वेळ. मग ७९० नंबरच्या फॉर्मवर बँकेत फी भरायची. बँकेत अशी फी ठरावीक दिवशी आणि सकाळच्या ठरावीक वेळेतच घेतात, तेव्हा लेक्चर बुडवायची तयारी ठेवायची. मग पोलिसांकडं बोटांचे ठसे. महिन्याभरानं कार्ड. यात अवघड असं एकही काम नाही, पण ऑनलाइन वेळ मिळणं हे नशिबाचं आहे. सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी ती वेबसाइट उघडायची सवय मला लागली होती. आपल्याकडं तात्काळ तिकिटाची सवय असलेल्या माणसाला हे फारसं जड जात नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, तीन मुलींमध्ये. एक वायव्येकडच्या गालिथियाची, एक दक्षिणेकडच्या काथेरेसची, तिसरी मी. खिडक्यांना बाहेरून सरकती झडप असते, पट्टा ओढला की खाली येते आणि खोलीत अमावास्या होते. दिवस उजाडला की नाही हे कळायला पट्टा ओढावा लागतो. कपडे वाळत घालायचे ते इमारतीच्या आतल्या चौकात, कप्पीवर फिरणाऱ्या दोरीला. एखादा मोजा खाली पडला की पहिल्या मजल्यावरच्या बाईंची बेल वाजवून तो मागायचा. त्या निमित्तानं त्या बाईंकडून मला शहरातल्या अर्ध्या कुटुंबांची माहिती मिळाली. गरम पाणी आणि शेगडी गॅसच्या नारिंगी सिलिंडरवर, तो जिन्यानं वर आणून देणारा माणूस घरगुती मित्रच झाला होता. घर तापवायची व्यवस्था अख्ख्या इमारतीची मिळून एक, आणि तीही घड्याळावर. दुपारी थोडा वेळ आणि संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत. अकरानंतर रेडिएटर थंड. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवरचं शहर, डिसेंबरात पहाटे गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर. सालामांका ज्या भागात येतं त्या कास्तियामध्ये एक म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. आमच्या घरमालकिणीच्या घरी गोल टेबलाखाली विजेची छोटी शेगडी आणि टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड. भाडं द्यायला गेलं की ती मला त्या कापडाखाली पाय घालून बसवायची. मी तिला 'सेन्योरा' म्हणायची आणि आदरार्थी बोलायची, ती मला 'इखा', म्हणजे लेकी, म्हणायची. भाडं मोबाइलवरून पाठवता आलं असतं. मी जातीनं जायची ते त्या टेबलासाठी.

खाण्याचं म्हणाल तर सालामांका जिल्हा हा कडधान्यांचा आहे हे मला तिथं गेल्यावर कळलं. ला आर्मुन्याची मसूर आणि पेद्रोसियोचे बारके हरभरे, दोन्ही तिथलेच, बाजारात सुटे मिळतात. काथेरेसच्या मुलीच्या घरून पिमेंतोन यायचं, ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची लालभडक पूड. ती पूड, ती मसूर आणि माझी कांदा-लसूण चटणी यांची आमटी आमच्या घरात शुक्रवारची ठरून गेली. फोडणीच्या वासाला गालिथियाची आधी खोकायची, नंतर ताट घेऊन यायची. बाहेर गेलं की दुपारचा ठरलेला मेनू: पहिली थाळी, दुसरी थाळी, गोड किंवा कॉफी, पाव आणि पेय, सगळं मिळून बारा-चौदा युरो. त्या जेवणाला दीड तास लागतो. जेवून झाल्यावर उठायचं नाही, बोलत बसायचं. वेटर बिल आणून टेकवत नाही, मागितल्याशिवाय आणणं तिथं उद्धटपणा. मला पहिल्यांदा वाटलं आपल्याकडं कुणाचं लक्षच नाही.

संध्याकाळी व्हान डाइक रस्त्यावर ग्लासबरोबर काहीतरी खायला हवंच. त्यातला सालामांकाचा खास पदार्थ म्हणजे खेता, डुकराचा गाल कुरकुरीत भाजलेला. आमच्या घरी मटण रविवारी असतंच, डुक्कर कधी आलं नाही. मी आठवडाभर विचार केला आणि मग ठरवलं की मटणाला जी कधी नाही म्हणाली नाही तिनं इथं सोवळं पाळण्यात काही अर्थ नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेलच.

आईशी बोलण्याचं गणितही घड्याळाचंच. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, मार्चअखेरीला त्यांची घड्याळं पुढं गेली की साडेतीन. आई दहाला झोपते, म्हणजे माझे साडेपाच. फोन करायची सोयीची वेळ दुपारी दोनची, तिची संध्याकाळची दिवेलागण. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "अजून नाही." रोज. तिची पक्की समजूत झाली होती की मी उपाशी राहते.

शहरात दोन माणसांनी भेटायचं ठरवलं की पत्ता सांगत नाहीत. "घड्याळाखाली" एवढंच म्हणतात. घड्याळ म्हणजे प्लाथा मायोरमधल्या नगरपालिकेच्या इमारतीवरचं. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला हा चौक, चारी बाजूंनी कमानी, कमानींच्या मधे राजे, लेखक, संत यांचे दगडी मुखवटे. त्यात फ्रँकोही होता, २०१७ मध्ये काढला. दगड जवळच्या बियामायोर गावचा, कापताना मऊ, नंतर हवेनं कठीण होणारा आणि लोखंडाच्या अंशामुळं सोनेरी पडत जाणारा. मावळतीला अख्खा चौक हळदीसारखा दिसतो. साडेआठ-नऊला तिथं गेलं की सगळं शहर भेटतं: बाबागाडीतली पोरं, काठी टेकत चालणारी जोडपी, काळ्या झुली आणि रंगीत फिती लावून गिटार-मँडोलिन वाजवणारे 'तुना'चे विद्यार्थी, जमिनीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडणारी मुलं. कुणी कशासाठी आलेलं नसतं. मला हे समजायला वेळ लागला, कारण मी कुठंही जायचं म्हणजे काहीतरी पाहायला किंवा विकत घ्यायला जायचं अशा हिशेबानं वाढलेली.

विद्यापीठ १२१८ चं. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात इतकं कोरीव काम आहे की डोळे दुखतात, आणि त्यात एका कवटीवर बसलेला बेडूक शोधायचा असतो. ज्याला तो कुणाच्या मदतीशिवाय सापडतो तो पास होतो असं म्हणतात. रोज तिथं पर्यटकांचा घोळका माना वर करून उभा असतो आणि आम्ही त्यांच्यातून वाट काढत वर्गात जायचो. जवळच्या नव्या कॅथेड्रलच्या दारावर तर एक अंतराळवीर कोरलेला आहे. नवं म्हणजे १५१३ ला बांधायला घेतलेलं, पण अंतराळवीर १९९२ च्या डागडुजीतला. त्या वेळच्या कारागिरांनी आपल्या काळाची खूण म्हणून ठेवलेला. भिंतींवर जागोजागी तांबड्या रंगात जुन्या डॉक्टरेटवाल्यांची नावं आहेत, हा रंग पूर्वी बैलाच्या रक्तातून करत. जुन्या कॅथेड्रलमध्ये सांता बार्बाराचं छोटं देऊळघर आहे. डॉक्टरेटचा उमेदवार परीक्षेच्या आधीची रात्र तिथं कोंडून घेऊन काढायचा, एका बिशपच्या थडग्याच्या पायांना आपले पाय टेकवून, म्हणजे त्याची बुद्धी आपल्यात उतरेल. पास झाला तर मोठ्या दारातून मिरवणूक, नापास झाला तर मागच्या गाड्यांच्या दारातून गुपचूप बाहेर. सेमिस्टरच्या परीक्षेच्या आधी आम्ही सगळे एकदा तिथं जाऊन आलो. थडग्याला पाय लावू देत नाहीत.

मला या सगळ्यात सर्वांत आवडली ती दोन ठिकाणं. एक, फ्राय लुईस दे लेओन यांचा वर्ग. लाकडाचे ओबडधोबड ओंडके हीच बाकं, अजून तशीच ठेवलेली. इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयानं, या कवी-प्राध्यापकाला १५७२ मध्ये तुरुंगात टाकलं. १५७६ च्या शेवटी सुटून ते परत वर्गात आले आणि दंतकथा सांगते की जणू काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी सुरुवात केली, "काल आपण म्हणत होतो की..." खरंखोटं कोण जाणे. पण ज्या शहरात मधली जवळजवळ पाच वर्षं अशी 'काल'मध्ये जमा करता येतात, त्या शहराचं घड्याळ वेगळं असणारच.

दुसरं ठिकाण म्हणजे 'सालामांकाचं आकाश'. जुन्या ग्रंथालयाच्या छतावर पंधराव्या शतकात फेर्नांदो गायेगोनं रंगवलेलं राशिचक्र, त्यातला साधारण एक तृतीयांश भाग उरला आहे, तो आता एका अंधाऱ्या खोलीत ठेवलाय. प्रवेश फुकट. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. घाईतले लोक लगेच बाहेर पडतात. दोनतीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की एकेक रूप वर येतं. सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक, धनू. घरमालकीण विचारायची आज काय पाहिलंस, तर मी पावसाच्या दिवशी हमखास सांगायची, आकाश.

ऑक्टोबरच्या ३१ तारखेला सगळा वर्ग कॅथेड्रलसमोर. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये मोठा भूकंप झाला, त्याचे धक्के सालामांकापर्यंत बसले, मनोरा हलला, पण शहरात कुणी दगावलं नाही. तेव्हापासून आभार मानायला मनोऱ्यावर चढायची प्रथा. आता तो चढणारा, 'मारिकेलो', पारंपरिक काळ्या पोशाखात, छोटा ढोल आणि बासरी घेऊन थेट वरपर्यंत जातो आणि तिथून वाजवतो. खाली हजारो लोक वर बघत. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला न विचारता सगळा इतिहास सांगितला आणि जाताना म्हणाले की पुढच्या वर्षी या खांबापाशी उभी राहा, इथून नीट दिसतं.

आणि मग डिसेंबर. सुट्टीत सगळे विद्यार्थी आपापल्या गावी जाणार, म्हणून सालामांकात त्यांचं नववर्ष दोन आठवडे आधीच साजरं होतं, डिसेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी. प्लाथा मायोर खच्चून भरतो, बसगाड्या भरून दुसऱ्या शहरांतली मुलं येतात. ३१ तारखेला स्पेनभर लोक मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. विद्यार्थ्यांच्या या नकली नववर्षात द्राक्षांऐवजी बारा जेलीच्या गोळ्या. ठोके मोजायचे, गोळ्या तोंडात टाकायच्या, आठव्या-नवव्याला गाल फुगलेले आणि हसू आवरेना. त्या रात्री आम्ही जेवलो तेव्हा किती वाजले होते हे मला खरंच माहीत नाही. घरी परतताना लक्षात आलं की दहाच्या जेवणावरचा माझा उरलेला राग कुठंतरी गेला.

खरं नववर्ष मी गालिथियाच्या मुलीच्या घरी काढलं. तिथं द्राक्षं होती, टीव्हीवर माद्रिदच्या पुएर्ता देल सोलचं घड्याळ होतं, आणि तिच्या आजीची सक्त ताकीद होती: आधी चार पावतासांचे जोडठोके पडतात, त्यांना फसायचं नाही. दरवर्षी कुणीतरी फसतंच, त्या वर्षी तिचा काका.

जानेवारी मात्र वाईट गेला. त्या घड्याळाची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते. सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास. नऊच्या तासाला मी रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, गळ्याशी मफलर आवळून जायची. या दिवसांत मी शिंपल्यांच्या घरात बसून अभ्यास केला. बाहेरच्या भिंतीवर तीनशेहून जास्त दगडी शिंपले कोरलेली ही जुनी हवेली आता सार्वजनिक वाचनालय आहे, गरम, शांत आणि फुकट.

त्याच महिन्यात माद्रिदला जाऊन आले. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यांना फुकट. पंचविशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तर कधीही फुकट, पण माझी पंचविशी उलटलेली, म्हणून रांगेत. दोन तासांत प्रादो पाहायचं म्हणजे पन्हाळा धावत पाहण्यापैकी. मी ठरवून तीनच दालनं केली. बेलाथकेथचं १६५६ चं 'लास मेनिनास', त्याच्यापुढं जागा मिळवून बराच वेळ. गोयाची काळी चित्रं, जी त्यानं म्हातारपणी स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढली आणि नंतर कॅनव्हासवर उतरवली गेली. त्यातला एक कुत्रा, नुसतं डोकं वर काढलेला, बाकी सगळी रिकामी पिवळट भिंत. दुसऱ्या दिवशी रैना सोफियात 'गेर्निका'. पुस्तकात ते हाताएवढं पाहिलेलं असतं. समोर उभं राहिल्यावर साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. एप्रिल १९३७ मध्ये गेर्निका गावावर बॉम्ब पडले, त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी पिकासोनं ते रंगवलं, आणि स्पेनमध्ये ते आलं १९८१ मध्ये, लोकशाही आल्यावर. माझ्या शेजारी शाळेची एक सहल होती. बाईंनी मुलांना जमिनीवर बसवलं आणि विचारलं, यात आवाज कुठं कुठं ऐकू येतोय? घोडा, आई, बैल, बाहेर झेपावणारी बाई. मुलं बोटं दाखवत होती. मी शिक्षिका आहे, तो प्रश्न मी लगेच वहीत उतरवून घेतला.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात वर्ग बंद. सालामांकाच्या मिरवणुका मोठ्याच, पण बुधवारी मी काथेरेसच्या मुलीबरोबर उत्तरेला थामोराला गेले, पासष्ट किलोमीटर. आदल्या दिवसापासून घरात दुधाअंड्यात भिजवून तळलेल्या पावाचा गोड वास होता. थामोरात संध्याकाळी कॅथेड्रलपुढं पांढरे झगे आणि लाल मखमली टोकदार टोप्या घातलेले शेकडो लोक. त्या टोप्यांनी आपण दचकतो, अमेरिकेतल्या कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीमुळं. ही प्रथा तिच्या कितीतरी आधीची, आणि तिचा हेतू एवढाच की प्रायश्चित्त घेणारा कोण हे कुणाला कळू नये. मग सगळ्या शहराच्या वतीनं मौनाची शपथ घेतली गेली. आणि खरोखर सगळं गप्प झालं. हजारो माणसं आणि फक्त पावलांचा, घंटेचा आवाज. मी कोल्हापूरची, माझ्या डोक्यात चैत्र म्हणजे जोतिबा: गुलाल, सासनकाठ्या, कानठळ्या बसवणारं चांगभलं. आणि चंद्र तर तोच होता! ईस्टर धरतात तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून, त्यामुळं पुष्कळदा त्यांचा हा आठवडा आणि आपली चैत्री पौर्णिमा हातात हात घालून येतात. त्या वर्षी तशाच आल्या होत्या. तिकडं डोंगरावर सासनकाठ्या नाचत असणार आणि इकडं मी ओठ मिटून उभी.

मध्यरात्री नदीकाठच्या छोट्या सान क्लाउदिओ चर्चमधून दुसरी मिरवणूक निघाली. यात टोप्या नाहीत. आलिस्ते भागातले धनगर वापरत तसल्या जाड तपकिरी लोकरी घोंगड्या पांघरलेले लोक, हातात कंदील, पुढं लाकडी खुळखुळ्यांची खडखड आणि एक पितळी वाद्य, खोल आवाजात तेच तेच आळवणारं. माझ्या अंगावर काटा आला, थंडीनंही असेल. शेवटची बस केव्हाच गेलेली. पहाटेपर्यंत आम्ही एका बारमध्ये बसलो. तिथं पहाटे तीनला सूप आणि तेलातली बिस्किटं मिळत होती आणि आजोबा-नातवंडं एकाच टेबलाशी बसून ती खात होती.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सालामांकाचा स्वतःचा असा सण, 'लुनेस दे आग्वास'. त्याची गोष्ट चारचौघांत सांगायची पंचाईत आहे, पण सालामांकाचे लोक ती मुलांनाही सांगतात. १५४३ मध्ये सोळा वर्षांचा राजपुत्र फेलिपे लग्नासाठी इथं आला, विद्यार्थ्यांचे रंगढंग पाहून त्याचे डोळे फिरले, आणि पुढं हुकूम निघाला की उपवासाच्या काळात वेश्यांनी तोर्मेस नदीच्या पलीकडं राहायचं. ईस्टर संपून आठवडा झाला की विद्यार्थी होड्या घेऊन त्यांना वाजतगाजत परत आणायचे. आज उरलीय ती सहल. दुपारनंतर सगळं शहर नदीकाठी. जुन्या पुलाच्या सव्वीस कमानींपैकी पंधरा रोमनांच्या काळच्या, त्यांच्या सावलीत चादरी अंथरून लोक ओर्नाथो खातात: चिकट-कुरकुरीत पारीत डुकराचं मांस, सुकं सॉसेज, हॅम आणि उकडलेली अंडी. हे एवढं जड असतं की एका तुकड्यात माझं रात्रीचं जेवण झालं. आमच्या चादरीवर शुक्रवारची आमटीही होती, थर्मासमध्ये. ओर्नाथो तिच्यात बुडवून खायची कल्पना गालिथियाच्या मुलीची. शेजारच्या चादरीवरचे लोक आधी हसले आणि मग वाटी घेऊन आले.

जूनमध्ये प्रबंध सादर करायचा होता, तेव्हा आई-बाबा आले. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सगळी हयात वेळापत्रकात गेलेली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं आणि दर तासाला "आता आपल्याकडं किती" हे जाहीर करत राहिले. आईचा हिशेब सोपा होता, साडेसातला भूक, दहाला झोप. पहिल्या संध्याकाळी तिनं खिडकीची झडप खाली ओढून अंधार केला, आमटी-भात खाल्ला आणि झोपली. बाबा मात्र बाहेर पडले. रात्री पावणेदहाला मी त्यांना शोधत गेले, तर ते चौकात दगडी बाकावर, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणि शेजारी एक स्पॅनिश आजोबा. दोघांची एकही भाषा सामाईक नव्हती आणि गप्पा चालू होत्या. समोरच्या भिंतीवर अजून ऊन.

दुसऱ्या दिवशी आईलाही ओढून नेलं. साडेनऊ झाले, ती म्हणाली, "अहो, चला आता, दोन घास खाऊन पडूया."

बाबांनी एक बी फोडली. "अजून दिवेलागण झाली नाही," ते म्हणाले, "एवढ्या उजेडात कसलं जेवण? बस की जरा."